आबांच्या गिरगावाखालून

मरोळ, शुक्रवार

ती. आबांस,

तुतारीने दादरला सुखरूप उतरले. आईने दिलेलं कुळथाचं पीठ मावशीला पोचलं.

आज भुयारी मेट्रोने फिरले. आरे ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. आरे तेवढं जमिनीवर. ऑक्टोबर २०२५ पासून सबंध मार्ग चालू आहे. फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी थांबली की गाडीची आणि भिंतीची दारं बरोबरच उघडतात, त्यामुळे रुळांवर कुणी पडायची भीतीच नाही. लोकलमधून पडलेल्यांच्या बातम्या वाचत आपण वाढलो. मला ही दारं फार मोलाची वाटली. बीकेसी सुटल्यावर गाडी मिठी नदीच्या खालून जाते, पण आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

याच मेट्रोच्या आरेतल्या कारशेडसाठी २०१९ मध्ये रात्रीतून तोडलेली झाडं मात्र मनातून जात नाहीत.

मरोळ, रविवार

ती. आबांस,

काल तुमच्या गिरगावात गेले. वाटेत जगन्नाथ शंकरशेट स्टेशन लागलं. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, त्यामागे या नाना शंकरशेटांची खटपट होती. तो मार्ग ३४ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास या मेट्रोएवढाच.

वर आले आणि गोंधळले. तुम्ही सांगितलेल्या खुणा जुळेनात. स्टेशनांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या कितीतरी जुन्या इमारती पाडल्या. माणसांना त्याच भागात घरं द्यायचं ठरलं, तोवर बिऱ्हाडं हलवली. एक म्हातारे दुकानदार बोट दाखवून सांगत होते, इथे अमके राहायचे, तिथे तमके. मला आपल्या आचऱ्याची गावपळण आठवली. रामेश्वराचा कौल झाला की गुरं-कोंबड्यांसकट अख्खं गाव वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. पण माळावरच्या झोपडीतही शेजारी तेच असतात, आणि कौल मिळाला की सगळी बरोबरच घरी परततात. इथे शेजार पांगला. नवी घरं मिळतील, पण जिन्यात भेटणारी तीच माणसं मिळतील का? मेट्रो हवीच होती, आबा, पण या माणसांनी तिच्यासाठी काय दिलं ते तिकिटावर दिसत नाही.

गिरगावातली आपल्या गावकऱ्यांची खोली अजून आहे. तुमच्या वेळचे दोघे तिथेच भेटले, तुम्हाला विचारत होते. स्टेशनात लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको. भातकापणी उरकली की या.

तुमची,
बाय