जिलेबीचे ऊन

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमधील लीड्स शहरात राहतो आणि त्याच्या घरी एक साप पाळलेला आहे. हे वाक्य मराठीत उच्चारले की ऐकणारा क्षणभर थांबतो. आपल्याकडे साप अंगणात दिसतो, गोठ्यात निघतो, अडगळीत सापडतो. तो पाळला जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप धरून घरात ठेवताही येत नाहीत. माझी आजी तर दिवेलागणीनंतर त्याचे नावसुद्धा घेत नसे. ‘लांबडे’ म्हणे, नाही तर ‘जनावर’. इंग्लंडमध्ये मात्र मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप दुकानात मिळतो. माझ्या बारा वर्षांच्या भाचीने आपल्या केशरी, सदा वेटोळे घालून बसलेल्या सापाचे नाव ‘जिलेबी’ ठेवले आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये मी रजा काढून त्यांच्याकडे गेले, तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती आणि पारा शून्याच्या खाली उतरत होता. वीज आणि गॅस त्या वर्षी तिकडे इतके महागले होते की घरातली ऊब हिशेबाने वापरली जाई. दिवाणखान्यात आम्ही शाली पांघरून बसत असू. तिथेच चार फूट लांबीची, सरकत्या काचांची एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात जिलेबीचे बिऱ्हाड. मी पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी भाचीने तिला हातावर घेऊन अलगद उलटे केले आणि मला हाक मारली.

“आत्या, हे बघ ना. तू डॉक्टर आहेस ना?”

माझी डॉक्टरेट भाषाविज्ञानातली. प्रबंध मराठी क्रियाविशेषणांवर. पण पोटावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत दोन बोटे रुंदीचा तो तपकिरी डाग पाहिल्यावर मला जे कळायचे ते कळले. तसा डाग मी पूर्वी पाहिला होता, सापाच्या पोटावर नव्हे.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी सांगितले की सापाला भाजले आहे. जखम वरवरची होती. मलम लावले आणि दोन-तीन वेळा कात पडली की डाग जाईल, मात्र पेटीतली उष्णतेची सोय आधी बदला, असे त्यांनी बजावले.

दोष होता पेटीच्या तळाशी अंथरलेल्या शेकपट्टीचा. प्लास्टिकच्या दोन पातळ थरांत तापणाऱ्या पट्ट्या बसवलेली ही वस्तू कागदाच्या ताव्यासारखी दिसते. भावाने पेटी कोणाकडून तरी जुनी घेतली होती. पट्टी तिच्यातच होती, आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट मात्र नव्हता. अशी पट्टी हवा फारशी तापवत नाही, तिच्यावर टेकेल ते तापवते. त्यावर लाकडाच्या भुशाचा थर, आणि त्यावर साप वेटोळे घालून बसला की खालची उष्णता कोंडते आणि वाढत जाते. थंडी वाढली तशी जिलेबी त्या एकाच जागी अधिकाधिक वेळ बसू लागली होती.

मला न उलगडलेले एकच होते, आणि तेच मी भाचीला विचारले. पोट भाजत असताना ती उठून दुसरीकडे का गेली नाही? पेटीची दुसरी बाजू मोकळी होती.

तिचे उत्तर तयार होते. या विषयावर तिने घरातल्या सगळ्यांपेक्षा अधिक वाचले होते. रानात सापाला उष्णता वरून मिळते, सूर्याकडून. फार तापले की तो खाली जातो, दगडाखाली, बिळात, मातीत. जमीन म्हणजे त्याचा गारवा. तीच जमीन भाजू लागली तर काय करायचे, हे त्याला त्याच्या जातीने शिकवलेलेच नाही.

विद्यार्थी मित्रहो, भाषेच्या अभ्यासकाला एक खोड असते. कोणी काही सांगू लागले की तो आशयाऐवजी शब्दांकडेच पाहू लागतो. भाची बोलत होती आणि मी मनात मराठीतली उष्णता मांडत होते. ऊब लपेटून घेते. धग दुरून लागते, झळ अंगावरून जाते. आच खालून लागते. मंद असो वा प्रखर, तिच्यावर भांडे असते. शेक कोणी तरी देतो आणि कोणी तरी घेतो. चटका बसतो, आणि बसल्यावरच कळतो. शेकपट्टीचा दोष मला तापमापकाआधी या शब्दांत दिसला: सापाला हवे होते ऊन, आणि आम्ही त्याला आचेवर ठेवले होते.

‘ऊन’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृतातले ‘उण्ह’, मराठीतले ‘ऊन’. अर्थ सूर्यप्रकाशाकडे सरकला, तरी ‘ऊन-ऊन भात’ म्हणताना जुना अर्थ अजून ताटात वाढला जातो. आपण थंडीत ‘ऊन खात’ बसतो तो केवळ वाक्प्रचार. सापाच्या बाबतीत तो जवळजवळ शब्दशः खरा आहे. सापाच्या शरीराला स्वतःची पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही, आणि उष्णतेवाचून त्याचे अन्न पचत नाही. गिळलेला उंदीर पोटात तसाच राहतो किंवा उलटून पडतो. जेवणानंतर ऊन खाल्ले नाही तर आधीचे जेवणही वाया. आपली पाठ्यपुस्तके अशा प्राण्यांना ‘शीतरक्ती’ म्हणत आली. तापल्या कातळावर पडलेल्या सापाचे रक्त शीत मुळीच नसते. ते परावलंबी असते, एवढेच.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मग खल सुरू झाला. तापणाऱ्या दगडाची कल्पना पहिल्याच फेरीत बाद झाली. तो दगड सारखा तापत नाही आणि त्याने साप भाजतात, हे दुकानदारही मान्य करतो. वहिनींचा कौल चिनीमातीच्या हीटरला होता. दिव्याच्या जागी बसतो, पण उजेड देत नाही, म्हणून रात्रंदिवस चालतो. भाचीला हॅलोजनचा दिवा हवा होता. तिचे म्हणणे असे की शेकपट्टी आणि चिनीमाती यांची उष्णता कातडीवरच थांबते. हॅलोजनच्या किरणांत सूर्यासारखी खोल जाणारी, स्नायूंपर्यंत पोहोचणारी उष्णता असते. भावाने बिलाचा कागद काढला. ७५ वॅटचा दिवा बारा तास, म्हणजे एक युनिटही नाही. ३४ पेन्स दराने दिवसाचे सुमारे तीस पेन्स. “आपल्या शालींपेक्षा स्वस्त,” तो म्हणाला, आणि भाची जिंकली.

पण थर्मोस्टॅटवरून तो अडला. दिवा मंद-प्रखर करत तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट दिव्याच्या कितीतरी पट महाग होता. “जाळी लावू, दिवा उंच बसवू. अंदाजाने जमेल. हात लावून बघता येतं की.”

“हात लावून कळत नाही,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. भाचीने चमकून माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटचे पैसे मी दिले. कोणी वाद घातला नाही.

ते तापमापकांचे काम मला मनापासून आवडले. पेटीच्या एका टोकाला पाटीच्या दगडाची चपटी लादी, तिच्या वर छताला दिवा, दिव्याभोवती तारेची जाळी, कारण साप वर चढून दिव्यालाच विळखा घालू शकतो. थर्मोस्टॅटचा संवेदक लादीजवळ पक्का केला. तो हलला, पाण्याच्या भांड्यात पडला, तर यंत्र तापमान चुकीचे वाचणार आणि दिवा धगधगत राहणार. उष्ण टोकाला ३० ते ३२ अंश, गार टोकाला २२ ते २४, आणि दोन्हीकडे लपायला जागा, म्हणजे ऊब आणि आडोसा यांत तिला निवड करावी लागू नये. रात्री दिवा बंद. त्या खोलीत पहाटे फारच गारठा पडे, म्हणून वहिनींचा चिनीमातीचा हीटरही आला, वेगळ्या थर्मोस्टॅटवर, २० अंशांना. शेकपट्टी भावाने गुंडाळून कचऱ्यात टाकली.

त्या रात्री सगळे झोपल्यावर आम्ही दोघे पेटीसमोर बसलो होतो.

आईला वीस वर्षे मधुमेह होता. शेवटच्या काही वर्षांत तिच्या पायांची संवेदना गेली होती. पाय मात्र तिला सतत गार वाटत. पुण्यातल्या जानेवारीत एका रात्री मी गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या पायांशी ठेवली. “आणखी थोडं गरम चालेल गं,” ती म्हणाली, आणि मी पाणी बदलून आणले. सकाळी उजव्या टाचेवर फोड होता. ती जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. भावाला मी फोनवर सांगितले की मधुमेहामुळे झाले. ते खोटे नव्हते. पिशवीचे मी कधीच बोलले नाही, कारण ती पिशवी त्यानेच आदल्या दिवाळीला इथून आणली होती, लोकरीच्या विणलेल्या आवरणासकट. यात मी त्याला वाचवत होते की स्वतःला, हे मी कधी तपासले नाही.

हे सगळे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. पेटीत जिलेबी लादीच्या कडेशी आली, जीभ दोन-तीनदा बाहेर काढली आणि आत गेली.

“कव्हर घातलं होतंस?” त्याने विचारले.

“घातलं होतं. वरून टॉवेलही गुंडाळला होता.”

त्याने मान हलवली. मग वाकून काचेतून उष्ण टोकाचा तापमापक पाहिला. दिवा बंद होऊन तास झाला होता, तरी लादी अजून निवली नव्हती.

“सव्वीस,” तो म्हणाला, आणि भाचीच्या वहीत वेळ टाकून आकडा लिहून ठेवला.