तीन बिजागऱ्या

आमच्या गॅलरीच्या दाराला डासांसाठी सरकती जाळी होती. बिल्डरने दिलेली, ॲल्युमिनियमची, दिसायला एकदम पॉश! पण खालच्या रुळात धूळ, केस आणि पावसाचा चिखल साचून तिची प्लॅस्टिकची चाकं पार झिजली होती. उघडायची म्हणजे एका हाताने वर उचलायची आणि दुसऱ्या हाताने ढकलायची. आम्हाला त्याची सवय झाली होती.

मग आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात अधू झाला. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं तर रोज कुणाला तरी हाक मारावी लागायची. हळूहळू हाका बंद झाल्या. "तूच घाल गं पाणी, मला काय करायचंय बाहेर जाऊन," असं ती म्हणायला लागली. खरं सांगू? आम्हाला ते बरंच वाटलं. हाक नाही म्हणजे काम नाही!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर तुळस वाळलेली. आजी काहीच बोलली नाही. त्याच रात्री मी जाहीर केलं, सरकती जाळी काढून बिजागऱ्यांचं दार बसवायचं. घरात सिव्हिलची थर्ड इयरची इंजिनिअर असताना डिझाइन दुसऱ्याने कशाला करायचं? कागद, पेन्सिल, कॅल्क्युलेटर घेऊन बसले. दार ६ किलोचं, रुंदी ७५ सेंटीमीटर, वरच्या आणि खालच्या बिजागरीत अंतर १८० सेंटीमीटर. म्हणजे वरच्या बिजागरीवर बाहेरच्या बाजूला ओढ जेमतेम सव्वा किलोची. बिजागऱ्या जितक्या लांब, तितकी ओढ कमी. तरी मध्ये तिसरी टाकली, सेफ्टी म्हणून!

सुतारकाका आले. त्यांनी आधी ओळंबा सोडून चौकट तपासली. मी कॉन्व्हेंटवाली, सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला 'प्लंब बॉब' म्हणून जे वापरते त्याला ओळंबा म्हणतात हे मला तेव्हा कळलं. चौकट कलती असली तर दार आपोआप उघडतं नाहीतर मिटतं, म्हणाले. मग माझा कागद हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ताई, आजी कुठल्या हाताने उघडणार?"

माझ्या ड्रॉइंगमध्ये मापं होती, स्क्रूंची संख्या होती, तीन बिजागऱ्या होत्या. आजीचा हात नव्हता. मूठ मी उजवीकडे काढली होती, कारण माझा हात तिकडे जातो. डाव्या हाताने ती ढकलायची तर आजीला अंग वळवावं लागलं असतं, आणि तोल तर तिचा आधीच जात होता.

काकांनी बिजागऱ्या उजवीकडे बसवल्या आणि मूठ डावीकडे. कडीऐवजी लोहचुंबक लावलं, नुसतं ढकललं की उघडतं.

आता मी हॉस्टेलवर आहे. आईची फोनवर तक्रार असते, "आजी बाहेर असेपर्यंत दार सताड उघडं ठेवते, डास येतात. डेंग्यूचे डास दिवसाच चावतात, सांग तिला." मागून आजी ओरडते, "बंद करते गं, तुळशीला पाणी घालून झालं की!"

मी आजीला अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला हवं... पुढच्या रविवारी बघू.