जिन्याखालचा डबा

जुन्या घरांच्या आठवणी सगळेच लिहिताहेत, म्हणून मीही आमच्या जयेंद्रगंजच्या घराबद्दल लिहायला बसलो. पण डोळ्यांसमोर घर येईना, आईची गुलछडीच येत राहिली.

गुलछडी म्हणजे निशिगंध. आपल्या ग्वाल्हेरात रजनीगंधा. १९७४ साली त्या नावाचा सिनेमा आला, तेव्हा मोहल्ल्यातल्या मुली आईकडे छड्या मागायला यायच्या. आई म्हणायची, "सिनेमासाठी नाहीत गं, देवीसाठी आहेत." आणि जाताना एकेक द्यायचीच.

तिचा हिशेब पक्का. वटपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कांदे लावायचे, घटस्थापनेला पहिली छडी उमलायची. बी.कॉम. झाल्याच्या तोऱ्यात मी एकदा पंचांग घेऊन दिवस मोजले. १०३ भरले. कांदा लावल्यापासून फूल यायला तीन-साडेतीन महिने लागतात, हे मी फार पुढे वाचलं. आई चौथी शिकलेली. मध्ये अधिक महिना आला तर लागवड महिनाभर पुढे ढकलायची, तेही कुणाला न विचारता.

१९८९ मध्ये मला प्रमोशन मिळालं, स्कूटर आली आणि ती ठेवायला मी अंगणात फरशी घातली. "चिखलात घसरून पडशील," असं कारण मी तिला दिलं. ती काही बोलली नाही. डालड्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून तिने कांदे त्यांत लावले. त्या नवरात्रात चारच छड्या आल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती सांगत होती, "यंदा पाऊसच नीट नाही ना." पाऊस चांगला झाला होता. मी आत बसून ऐकत होतो.

पुढे शिवपुरी, गुना अशा बदल्या होत राहिल्या. मी घरी यायचो तो दसऱ्याला, त्यामुळे फुलं तेवढी दिसली. बाकीचं वर्षभर ती काय करायची, ते कधी विचारलं नाही.

२००३ च्या मार्गशीर्षात ती अंथरुणाला खिळली आणि पौषात गेली. तोवर माझी बदली परत ग्वाल्हेरला झाली होती. रोज सकाळी बँकेत जायच्या आधी मी तिच्या डब्यांना पाणी घालायचो. पानं पिवळी पडायला लागली तसं आणखी घातलं. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. माघात एका डब्यात हात घातला तर कांद्यांचा नुसता लगदा. समोरच्या चाची गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "भैया, जाड़े में इसे पानी कौन देता है? सोने दो इसे."

पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं, कांदे काढून सावलीत सुकवायचे आणि कोरड्या जागी ठेवून द्यायचे, एवढंच होतं.

वैशाखात रंगकामासाठी जिन्याखालची अडगळ काढली, तेव्हा एक डबा सापडला. कोरडी वाळू, वर तिच्या जुन्या पातळाचा तुकडा, आत सुरकुतलेले नऊ कांदे. दोघा-तिघांना हिरवी टोकं फुटलेली. अंथरूण धरायच्या आधी एक डबा तिने उरकला होता.

मी ते वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लावले. त्या वर्षी नुसती पानं आली. सुपारीएवढा कांदा बहुधा फूल देत नाही. दुसऱ्या आश्विनात तीन छड्या आल्या. एकेरी पाकळ्यांच्या, तिच्याच. एकेरीला वास जास्त, दुहेरी नुसती दिसायला भरगच्च.

फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही. तो संपतो आणि भोवतीची पिल्लं पुढच्या वर्षासाठी पोसतात. बँकेच्या भाषेत, मुद्दल जातं, व्याजावर खातं चालतं.

वाटण्या झाल्या, घर विकलं. पाडकामाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. मागची फरशी उखडली तर खालची माती तशीच मऊ. मजुराला चहाचे पैसे दिले आणि दोन पोती भरून घेतली. आता इथेच जवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतल्या अकरा कुंड्यांत ती माती आहे. सून म्हणते, बाबा, कपडे वाळत घालायला जागा ठेवा.

यंदा पाच छड्या आल्या आहेत. कांदे पौषात काढेन. पिल्लं फार झाली आहेत, ज्यांना हवी त्यांनी फाल्गुनात घरी या. पिशवी आणा. कुणाच्या माळ्यावर डालड्याचा जुना डबा पडला असेल तर तोही आणा, माझ्याकडचा गंजलाय.