मूळ प्रत आणि नक्कल

परवा फोंड्याच्या बाजारात मी एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावयास गेलो आणि दीड तासाने दोन घेऊन परतलो. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. खरेदीत मी हटकून फसतो, हा त्यांचा लग्नापासूनचा सिद्धांत आहे. या खेपेस मात्र मी फसलो नव्हतो. फसलो होतो तो सहा वर्षांपूर्वी.

आमच्या देवस्थानाच्या जमाखर्चाच्या जुन्या मोडी वह्या पुष्कळ वर्षे आमच्या माडीवर होत्या. वडील महाजन, घरात मोडी वाचणारे तेच अखेरचे. गोव्याचा पाऊस कागदावर दया करीत नाही. ओल, बुरशी आणि वाळवी यांनी जे मागे ठेवले होते त्याची मी छायाचित्रे घेतली, आणि वडिलांना एकेक पान मोठ्याने वाचावयास लावून त्यांचे वाचनही ध्वनिमुद्रित केले. दिवट्यांचे तेल, पालखीच्या भोयांस तांदूळ अशा नोंदी वाचता वाचता ते मध्येच थांबत आणि एखाद्या भोयाच्या नातवाची हकिगत सांगू लागत. हे सारे मी एका डिस्कवर ठेवले, आणि जागा मोकळी व्हावी म्हणून संगणकावरून पुसून टाकले. वडील गेले. त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात ती डिस्क चालू असताना माझ्याच कोपराचा धक्का लागून मेजावरून खाली पडली.

तिच्या पोटात काय असते ते मला त्यानंतर कळले. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते आणि वाचणारे शीर्ष तिच्यावरून, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर राखून, तरंगत असते. असल्या नाजूक संसाराला मेजावरून पडणे कसे सोसावे? दुरुस्तीवाल्याने तबकडीवरचा ओरखडा दाखवला आणि पैसे घेतले नाहीत. वह्यांची छायाचित्रे चुलतभावाकडे सापडली. आवाज मात्र गेला. बडोद्याच्या बहिणीला केव्हातरी पाठवलेला अकरा मिनिटांचा तुकडा तेवढा वाचला.

म्हणून दुकानदाराने ‘किती टीबी?’ असे विचारताच मी उलटतपासणी आरंभली. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, ही लबाडी नव्हे. बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १,०२४ ने. माझे दावे, कैफियती आणि घरची छायाचित्रे मिळून अजून ४०० जीबीसुद्धा भरत नाहीत; मग चार टीबीचा वाडा कोणासाठी बांधावयाचा? साडेतीन इंची डिस्कला विजेची वेगळी जोडणी लागते. ती मी बाजूला सारली. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून ती आदळआपट पुष्कळ सोसते आणि वेगानेही चालते. पण ती महाग, आणि वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली तर तिच्यातला मजकूर विरू शकतो. तेव्हा रोज न्यायालयात नेण्यासाठी ती घेतली आणि कपाटात ठेवण्यासाठी तबकडीची अडीच इंची. गुप्तशब्दाचे कुलूप दोन्हींना हवे होते. पिशवी बसमध्ये विसरली तर माझे चार-पाच हजार जातील. पण अशिलाच्या घरचे कलह चव्हाट्यावर येतील, त्याचे काय?

न्यायालयात मान मूळ दस्तऐवजाला. संगणकातल्या मजकुराची नक्कल आणली की तिच्यापाठी प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे. वीस वर्षे मी प्रतिपक्षाच्या नकलांवर हिरिरीने हरकती घेत आलो. घरात मात्र मूळ बुडाले आणि मला आधार मिळाला तो एका नकलेचा, तोही तुटक्या आणि बिनप्रमाणपत्राच्या!

आता संगणकावरची प्रत पुसावयाची नाही, असे ठरवले आहे. तबकडीची डिस्क बडोद्याला राहील. बहीण चतुर्थीला माहेरी येते. येताना ती घेऊन येईल, वर्षाची भर तिच्यात घातली की परत नेईल. पहिली भर त्या अकरा मिनिटांची. त्यांत वडील तांदळाच्या नोंदीपाशी थांबतात, भोयाच्या नातवाची हकिगत सांगू लागतात, आणि ती पुरी होण्याआधीच तुकडा संपतो. पुढचे मला आठवत नाही. बहिणीला थोडेसे आठवते म्हणते.