काजळीखालचें व्यंग
घासावें तितकें उजळतें, हा नियम तांब्याच्या घागरीचा. एंजिनास तो लावूं नये. गेल्या वर्षीं ऑकलंडला माझा पुतण्या माझ्दाचें १३-बी एंजिन उकलून साफ करीत होता. त्यांत दट्ट्यांऐवजीं दोन त्रिकोणी रोटर फिरतात. रोटराच्या टोकांवरील खांचांत काजळी राहिली, तर तेथील पट्ट्या अडकतात व दाब निसटतो. खरवडून खांच रुंद झाली, तरी तेंच. बाहेरील कवच अॅल्युमिनियमचें असल्यानें कॉस्टिकचें पाणी त्यास खातें. म्हणून तो रॉकेलमध्यें भिजवून हळूहळू पुशी. एका कवचाच्या आंतील क्रोमचा मुलामा कडेला उडालेला दिसला. तो धुण्यानें परत येत नाहीं. नव्या कवचासाठीं त्यानें दिवाळीस घरीं येण्याचा बेत रहित केला. मला वाईट वाटलें. परंतु व्यंग झांकून जोडलेलें यंत्र वाटेंतच दगा देतें.