चिखलात कोण उतरतं, यादीत कोण बसतं?

आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव, आमच्याच मंडणगड तालुक्यातलं. तिथे आपले लोक आवर्जून येतात. पण तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, बाणकोट खाडीच्या तोंडाशी असलेल्या वेळासला आपल्यातला कार्यकर्ता सहसा फिरकत नाही. पर्यावरण हा 'त्यांचा' विषय, असं आपण ठरवून टाकलंय. आम्हीही बरीच वर्षं तसंच मानत होतो.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी उकरून खाल्ली, विकली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली, 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहू-जेवू लागले. 1971 च्या रामसर कराराने ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही पाणथळ जागेत धरलाय, म्हणजे हा किनारा आणि खाडीतलं कांदळवन एकाच हिशेबातलं. पोटाला आधार मिळाला की माणूस राखण करतो, हे वेळासने दाखवलं. ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण कोकणात कुठेही पाहुणा उतरणार कुणाकडे? जादा खोली आणि चांगला संडास आहे त्याच्याकडे. आणि आडनाव कळल्यावर आपल्या वाडीत जेवायला किती जण येतील? हा प्रश्न विचारला की आपल्याला जातीयवादी म्हणतात. म्हणोत.

2017 पासून राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. गावात समिती, मग खेकडेपालन, कालवंपालन, पर्यटन. गटाला 90 टक्के खर्च सरकारचा, 10 टक्के गटाचा. कागदावर चांगलीच आहे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, म्हणजे जमीनदार असायलाच हवं असंही नाही.

मात्र खाडीकाठच्या एका गावातल्या अशाच बैठकीत आम्ही पाहिलं ते वेगळं. यादी आधीच तयार. बौद्धवाडीतल्या बायका दाराशी. एका मावशींनी नाव घालायला सांगितलं, तर मच्छीमार असल्याचा दाखला मागितला. त्यांनी तळहात पुढे केला, कालवांनी कापलेला. हा दाखला चालत नाही म्हणे! आणि आम्ही, समाजशास्त्रात एम. ए. केलेले, गप्प. शासन निर्णय आम्ही वाचलेलाच नव्हता.

17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. राबणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचं, हाच तो प्रश्न होता. खोती कायद्याने गेली. आता समितीच्या यादीतून ती परत येऊ द्यायची का? 'पर्यावरणवाले आपले नव्हेत' म्हणत आपण बाहेर राहिलो, तर ती येणारच.

त्यानंतर आम्ही सुकतीला त्या बायकांबरोबर चिखलात उतरलो. कोण कुठे, किती वर्षं कालवं काढते, ते लिहून घेतलं आणि ग्रामसभेत अर्ज दिला. अजून उत्तर नाही. अर्ज वाचून दाखवला तेव्हा मावशी म्हणाल्या, "अजून एक लिही. बैठक भरतीला ठेवा म्हणावं. सुकतीला आम्ही खाडीत असतो."