भाड्याच्या घराचे मंडन

मनमाड,
चैत्र वद्य पंचमी

चि. सौ. भाचीस,

तुझे पत्र पोचले. जावईबापूंची बदली येथील रेल्वेच्या इंजिनिअरिंग कारखान्यात झाल्याचे वाचून तुझ्या मामीला आणि मला किती आनंद झाला, ते येथे आल्यावर तुला प्रत्यक्षच दिसेल. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून जे दोन खोल्यांचे घर तुम्ही ठरविले आहे, ते मी काल सायंकाळी जाऊन सावकाश पाहून आलो. आणि मोजक्या पैशांत ते घर कसे सजवावे व घरमालकांची नाराजी कशी ओढवून घेऊ नये, असे जे तू विचारले आहेस, त्याचे उत्तर त्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवूनच लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या गावाचा स्वभाव पहिल्यापासून मुक्कामाचा आहे. 1878 साली दौंडकडून आलेला लोहमार्ग येथे मुंबई–भुसावळ मार्गाला मिळाला, पुढे 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून मीटरगेजची गाडी येऊ लागली, आणि रुळांची रुंदी निराळी असल्यामुळे माणसांना व मालाला कित्येक दशके येथे उतरून गाडी बदलावी लागे. त्या लोहमार्गांबरोबर आलेली, बदलीच्या हुकमाची वाट पाहत जगणारी शेकडो बिऱ्हाडे मी पाहिली. त्यांतील पुष्कळांनी 'स्वतःचे घर झाले म्हणजे लावू' म्हणून पडदे पेटीत ठेवले, चांगल्या कपबशा गवतातून बाहेर काढल्या नाहीत आणि उघड्या दिव्याच्या भगभगीत उजेडात उमेदीची वर्षे घालविली. तू तसे करू नयेस. ज्या घरात आपण जेवतो, आजारी पडतो, मुलांना अक्षरओळख करून देतो, ते घर कोणाच्या नावे दप्तरी दाखल आहे यावर त्याच्या सौंदर्याचा अधिकार अवलंबून नसतो, असे माझे ठाम मत आहे.

आता घरमालकांविषयी. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून हे घर त्यांनी बांधले, आणि ते स्वतः वरच्या मजल्यावर राहतात. मला खोल्या दाखविताना बोलता बोलता त्यांचा हात भिंतीवरून फिरत होता आणि मागील भाडेकरूने पाडलेल्या भोकांपाशी येऊन थांबत होता. अशा माणसाची धास्ती खोटी नसते. तिला उत्तर द्यावयाचे ते लपवाछपवीने नव्हे, तर रीतसर विचारून. सामान आत येण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची, फरशीची, खिडकीच्या तावदानांची आणि असलेल्या प्रत्येक तड्याची छायाचित्रे त्यांच्यादेखत काढून घ्या. विजेच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. आणि जे जे करावयाचे आहे त्याची यादी एका कागदावर मांडून तीवर त्यांची सही घ्या. अनामत रकमेवरून पुढे जे कलह होतात, त्यांतील बहुतेक या एका कागदाअभावी होतात.

कायदा काय म्हणतो तेही जाणून ठेव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्याच्या सोळाव्या कलमान्वये मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास मालकास जागेचा ताबा मागता येतो. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी आडभिंत, स्वयंपाकघरातील उभा ओटा, जाळीकाम, वायुवीजनासाठी लागणारी खिडकी, धुराडे अशा गोष्टी, जरूर तेथे नगरपालिकेची परवानगी घेतलेली असल्यास, कायम बांधकामातून वगळल्या आहेत. हे कलम लिहिणाऱ्याने भाड्याच्या घरात धुराने डोळे चोळणाऱ्या गृहिणीचा विचार केला होता, असे मला ते वाचताना नेहमी वाटते. दुरुस्तीचेही तसेच: मालकाने ती न केल्यास निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करवून घ्यावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करावा, अशी चौदाव्या कलमात तरतूद आहे. मात्र तुमचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा आहे, हे विसरू नकोस. वरील संरक्षण भाडेकरूचे आहे. तुमच्या बाबतीत करारनाम्यातील अक्षर हेच प्रमाण. म्हणून रंग, खिळे, पडद्यांचे दांडे यांविषयीचे कलम त्यातच घालून घ्या, आणि तो नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. मुदत अकरा महिन्यांची असली तरी नोंदणी आवश्यक असून तिची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.

मनमाडात घर सजविण्याचा आरंभ पाण्यापासून करावा लागतो. वागदर्डी धरणाचा साठा उन्हाळ्यात खालावला म्हणजे नळाच्या दोन पाळ्यांमध्ये कित्येक दिवस जातात, आणि प्रत्येक घरात पिंपांची, टाक्यांची रांग उभी राहते. ती रांग हीच येथील घराची पहिली आणि सर्वांत अवजड वस्तू होय. दोनशे लिटरचे भरलेले पिंप दोनशे किलोंहून अधिक भरते, तेव्हा ते माळ्यावर किंवा सज्जाच्या टोकावर कदापि ठेवू नका. लोखंडी पिंपाच्या बुडाचा गंज फरशीवर जे वर्तुळ उमटवितो ते घासून जात नाही, म्हणून खाली लाकडी पाट हवा. आणि पिंप भिंतीला टेकवू नये, चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे ओल धरून चुन्याचे पोपडे सुटत नाहीत. स्वयंपाकघराच्या उजव्या कोपऱ्यात दोन पिंपे बसतील. त्यांच्यापुढे कमरेइतक्या उंचीचा एक पडदा दोरीवर सोडलास, की त्या कोपऱ्याचे रूपच पालटेल.

पडद्यांसाठी नवे भारी कापड घेऊ नकोस. मालेगाव येथून जवळच आहे; तेथील यंत्रमागांवरचे साधे सुती कापड स्वस्तात मिळते आणि पश्चिमेच्या खिडकीला ते दुहेरी शिवून लावले तर वैशाखातील झळ पुष्कळच अडते. इतरत्र लोक वाळ्याचे पडदे भिजवितात. येथे त्या शिंपणासाठी पाणी खर्चणे मला योग्य वाटत नाही. तुझ्या आईकडे जुनी लुगडी आहेत, त्यांचे काठ उसवून त्या पडद्यांच्या कडेला लाव. खिडक्यांच्या चौकटी खोल आहेत, त्यामुळे आतल्या स्प्रिंगच्या दाबाने दोन बाजूंत घट्ट बसणारी सळई तेथे चालेल. भिंतीला एकही भोक पाडावे लागणार नाही.

भिंतींचे म्हणशील तर बाहेरच्या खोलीत चुना आहे आणि आतल्या खोलीत तेलाचा रंग. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण चिकटपट्टीचे आकडे तेलाच्या रंगावर टिकतात आणि काढताना किंचित ऊब दिली तर डाग न ठेवता सुटतात; चुन्यावर मात्र ते थरासह उतरतात आणि तसबीर रात्री खाली येते. बाहेरच्या खोलीत जुन्या दोन खुंट्या आहेत. त्यांच्यामध्ये एक लाकडी पट्टी टांगून तसबिरी तिच्यावरून सोड. सफेदीचे दोन हात मात्र अवश्य द्यावेत. चुन्यात किंचित नीळ आणि थोडा डिंक घातला की भिंत उजळते आणि अंगाला लागत नाही. मालकांशी मी बोललो. चुना ते आणून देतील, मजुरी तुम्ही द्यावी, असे ठरते आहे.

देव्हाऱ्याच्या कोनाड्यात समईची काजळी आणि ओट्यामागे फोडणीचे तेल, या दोहोंनी जितक्या भिंती खराब होतात तितक्या खिळ्यांनीही होत नाहीत. दोन्ही ठिकाणी पत्र्याचा किंवा काचेचा एकेक तुकडा नुसता टेकवून उभा कर. उंबऱ्यावर तैलरंगाची रांगोळी काढू नये. हौस असेल तर ती एका फळीवर काढावी, म्हणजे बदली झाली की बरोबर नेता येते. बैठकीसाठी तुमच्या दोन ट्रंका भिंतीशी जोडून त्यांवर गादी आणि आजीची गोधडी घाल. उजेडासाठी छताला हात लावण्याची गरज नाही, कोपऱ्यात पिवळ्या प्रकाशाचा एक टेबलदिवा पुरे. मात्र तारा जुन्या आहेत, एकाच प्लगवर इस्त्री आणि कूलर जोडू नका. झाडे हवीत असे तू लिहिलेस, तर कोरफड आणि सर्पपर्ण लाव. भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर ती जगतात. कुंड्यांखाली ताटल्या विसरू नकोस.

एक गोष्ट थोडी निराळी, पण सांगतो. भिंतीविषयीच्या सगळ्या अटी पाळाव्यात. ताटात काय आहे, घरी येणारा पाहुणा कोणत्या जातीचा आहे, अशा अटी कोणी घातल्या तर त्या पाळू नयेत. याच गावात 1938 च्या फेब्रुवारीत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत भाषण केले, आणि बडोद्यात नोकरीस गेले असता राहावयास जागा न मिळाल्याने त्यांना परतावे लागले होते, हे आपल्या घरात तरी कोणी विसरता कामा नये. तुमच्या मालकांनी असला प्रश्न विचारला नाही, म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

येताना लुगडी, गोधडी आणि खुंट्यांच्या पट्टीसाठी माळ्यावरची सागवानी फळी आण. खिडक्यांची मापे मी घेतली आहेत: दोन्हींची रुंदी साडेतीन फूट, उंची चार. त्याप्रमाणे कापड मालेगावहून मीच आणवितो. रंग कोणता ते उलट टपाली कळव. यादीचा मसुदा सोबत जोडला आहे, जावईबापूंस दाखीव आणि काही वाढवावयाचे असेल तर सहीपूर्वीच वाढवा.

कळावे,
तुझा मामा